उसाचं वजन कुठून आलं? नववीची विज्ञान चाचणी काढताना

कडेगाव तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेतून एका नव्या सरांनी विचारलं आहे. यंदा नववीच्या दोन तुकड्यांचं विज्ञान त्यांच्याकडे आलं. एक तुकडी मराठी माध्यमाची, एक सेमी इंग्रजीची, प्रत्येकीत साठ मुलं. भौतिक, रसायन आणि जीव या तिन्ही भागांतला मुलांचा पाया किती पक्का आहे ते शिकवायला लागण्याआधी तपासायचं आहे. ते लिहितात, "आठवीच्या स्वाध्यायातले प्रश्न दिले तर मुलं भराभर लिहितात, गुणही पडतात. तोच प्रश्न जरा फिरवून तोंडी विचारला की सगळा वर्ग गप्प. एका तासिकेत असं काय विचारू, की यांना खरंच काय समजलंय ते मला कळेल?"

सर, तुमच्या वर्गाच्या खिडकीतून ऊस दिसत असणार. चाचणीची सुरुवात तिथूनच करा. मी २८ वर्षं सातारा आणि सांगली जिल्ह्यांत आठवी ते दहावीला विज्ञान शिकवते आहे. प्रत्येक नव्या वर्गाला पहिल्या पंधरवड्यात मी हा प्रश्न घालते:

एका एकरात ५० टन ऊस निघाला. त्यातलं पाणी बाजूला काढलं, तर उरलेल्या कोरड्या भागाचं बहुतेक वस्तुमान कुठून आलं? (अ) मातीतून (ब) घातलेल्या खतांतून (क) हवेतून (ड) सूर्यप्रकाशातून.

वर्ग शेतकऱ्यांच्या मुलांचा असतो, त्यामुळे (अ) आणि (ब) वर उड्या पडतात. थोडी हुशार समजली जाणारी मुलं (ड) लिहितात. (क) लिहिणारी मुलं साठात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी निघतात. आणि याच मुलांना लगेच पुढचा प्रश्न म्हणून प्रकाशसंश्लेषणाचं समीकरण विचारलं, तर कार्बन डायऑक्साइड अधिक पाणी, बाणावर सूर्यप्रकाश आणि हरितद्रव्य, पुढे ग्लुकोज अधिक ऑक्सिजन, असं बिनचूक लिहितात. म्हणजे समीकरण वहीत आहे आणि ऊस शेतात आहे, या दोघांची गाठ कधी पडलेलीच नाही. तुम्हाला जे कळायला हवं आहे ते हेच. समीकरण विचारून ते कधी कळलं नसतं.

आता या प्रश्नातल्या चुकीच्या पर्यायांकडे बघा, कारण सगळी मेहनत तिथं आहे. (अ) लिहिणारं मूल मुळं अन्न 'खातात' असं समजतं. (ब) लिहिणाऱ्याने घरात खताच्या पोत्यांचा खर्च ऐकलेला असतो. त्याला फळ्यावर हिशेब करायला लावा. ऊस सत्तर टक्के पाणी धरला, तर ५० टनात १५ टन कोरडा भाग राहतो. खताची दहा पोती टाकली तरी अर्धा टन होत नाही किंवा जेमतेम होतो. उरलेले साडेचौदा टन कुठून आले? मूल स्वतःच थांबतं. (ड) लिहिणाऱ्याचा घोटाळा वेगळा आहे, त्याने ऊर्जा आणि द्रव्य यांची गल्लत केली आहे. तीन मुलं चुकली, तिघांना तीन वेगळे उपाय लागतात. 'चूक, शून्य गुण' असा शेरा तिघांना सारखाच मारला, तर चाचणी घेऊन काय मिळवलं?

जाता जाता एक. ब्रसेल्सच्या व्हॅन हेल्मोंटने सतराव्या शतकात कुंडीत सुमारे ९० किलो कोरडी माती मोजून घातली आणि सव्वादोन किलोचं विलोचं रोप लावलं, आपल्या ओढ्याकाठच्या वाळुंजाच्या कुळातलं. पाच वर्षं फक्त पाणी घातलं. झाड सुमारे ७७ किलोचं झालं आणि माती घटली जेमतेम ५७ ग्रॅम. त्याने निष्कर्ष काढला की झाड पाण्यापासून बनतं. त्याच्या मृत्यूनंतर १६४८ मध्ये हे छापलं गेलं. माती नव्हे, इथपर्यंत तो बरोबर पोहोचला आणि हवा त्याच्या हिशेबातून निसटली. चाचणी परत देताना मी ही गोष्ट मुलांना सांगते. (अ) लिहिलेल्या मुलांचे चेहरे जरा सैल होतात.

तर पहिली सूचना ही: 'व्याख्या लिहा', 'नियम सांगा', 'नावे द्या' हे प्रकार या एका चाचणीतून पूर्ण काढून टाका. ते घटक चाचणीला, सहामाहीला येतातच. इथे असेच प्रश्न घ्या, की ज्याचं चुकलेलं उत्तर वाचून तुम्ही म्हणाल, 'अच्छा, हा असा विचार करतोय होय.'

असे पर्याय खुर्चीत बसून सुचत नाहीत. आपल्याला सुचतात ते शिक्षकाचे पर्याय, आणि ते मुलं लगेच ओळखतात. मी करते ते असं. चाचणीच्या आठवडाभर आधी रोज तासाच्या शेवटी पाच मिनिटं एक उघडा प्रश्न विचारायचा आणि बिननावाच्या चिठ्ठीवर दोन ओळी लिहून घ्यायच्या. 'चहात साखर विरघळली. साखर गेली कुठं?' 'पाणी उकळताना येणाऱ्या बुडबुड्यांत काय असतं?' घरी चिठ्ठ्यांचे गठ्ठे लावायचे. बुडबुड्यांत 'हवा' म्हणणारा गठ्ठा सगळ्यांत मोठा येईल, 'ऑक्सिजन आणि हायड्रोजन' म्हणणारा एक येईल, 'वाफ' म्हणणारा लहान असेल. झाले तुमचे पर्याय तयार, तेही मुलांच्याच भाषेत. माझ्याकडे अशा उत्तरांच्या तीन वह्या भरल्या आहेत. तुम्हीही याच वर्षी पहिली वही घाला.

आता एक जुनी गोष्ट सांगते, कारण त्या दिवसापासून माझी प्रश्न लिहायची पद्धत बदलली. 'कार्य' या घटकावर मी पेपरात विचारलं होतं: एक बाई डोक्यावर २० किलोची मोळी घेऊन सपाट रस्त्याने ५० मीटर चालत गेली. तिने किती कार्य केले? पुस्तकाप्रमाणे बल वर, विस्थापन आडवं, दोन्ही काटकोनात, म्हणून कार्य शून्य. एका मुलीने लिहिलं, "कार्य झाले. कारण संध्याकाळी आईचे पाय सुजतात." आईवडील ऊसतोडीला आलेले, मुलगी त्या हंगामापुरती आमच्या शाळेत. मी लाल शाईने शून्य दिलं. पेपर परत दिला तेव्हा तिने काही विचारलं नाही, घडी घालून दप्तरात ठेवला. मीच रात्रभर अस्वस्थ होते, कारण तिचं म्हणणं खोटं नव्हतं. भार पेलून धरताना स्नायू सारखे आकुंचन पावत असतात, अन्नातली रासायनिक ऊर्जा खर्ची पडते, तिची उष्णता होते, माणूस दमतो. चालताना पावलागणिक शरीर थोडं वरखालीही होतं. शून्य होतं ते फक्त एक: समान वेगाने आडवं जाताना मोळीवर गुरुत्वबलाने केलेलं कार्य. मी प्रश्नात ते म्हटलंच नव्हतं. अपुरा प्रश्न माझा, आणि शिक्षा तिला झाली.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी माझी चूक सांगितली, तिचे गुण दुरुस्त केले आणि प्रश्न नव्याने लिहिला: 'मोळी जमिनीवरून उचलून डोक्यावर घेताना, मोळी घेऊन सपाट रस्त्याने समान वेगाने जाताना, आणि फळीवरून चढून ट्रकमध्ये टाकताना, यांपैकी कोणत्या वेळी मोळीची स्थितिज ऊर्जा वाढते? मधल्या टप्प्यात ती वाढत नसूनही बाई का दमते?' त्या मुलीने या प्रश्नाला वर्गातलं सगळ्यांत नेमकं उत्तर दिलं. तेव्हापासून माझा नेम आहे की रोजच्या जगण्यातला प्रसंग प्रश्नात घेतला, तर ज्याचं ते जगणं आहे त्या मुलाच्या डोळ्यांनी तो एकदा वाचायचा.

यातूनच भाषेचा मुद्दा येतो. तुमच्याकडे एक तुकडी सेमीची आहे म्हणून तो जरा सविस्तर सांगते. विज्ञानाचे कितीतरी शब्द मुलांच्या घरात आधीच राहत असतात, वेगळ्या अर्थाने. बाजारात वजन किलोत असतं, पुस्तकात वस्तुमान किलोत आणि वजन न्यूटनमध्ये. 'आज उष्णता फार आहे' असं घरी म्हणतात, पुस्तक म्हणतं ते तापमान. सगळ्यांत मोठा गोंधळ 'क्षार' या शब्दाचा. मराठी पुस्तकात आम्ल, आम्लारी आणि क्षार, म्हणजे क्षार हा आम्ल व आम्लारी यांच्या उदासिनीकरणातून होणारा पदार्थ, जसं मीठ. मुलं संध्याकाळी मोबाइलवर हिंदी व्हिडिओ बघतात, तिथे आम्लारीला 'क्षार' किंवा 'क्षारक' म्हणतात आणि आपल्या क्षाराला 'लवण'. आणि कृष्णाकाठच्या गावात 'क्षारपड जमीन' हा शब्द तर पोरांच्या कानावर लहानपणापासून पडलेला. एकाच शब्दाच्या तीन ओढी. म्हणून चाचणीत मी सरळ विचारते, 'मीठ, चुन्याची निवळी आणि लिंबाचा रस यांपैकी क्षार कोणता, आम्लारी कोणती?' कोणी निवळीला क्षार म्हटलं तर आधी विचारा, कुठं ऐकलंस. पुष्कळदा संकल्पना ठीक असते, फक्त नावांची अदलाबदल झालेली असते.

सेमीच्या मुलांना प्रश्न इंग्रजीत आणि खाली मराठीत, दोन्ही छापून द्या. उत्तर कुठल्याही भाषेत, मिसळून लिहिलं तरी चालेल असं फळ्यावर लिहून ठेवा. काही वर्षांपूर्वी मी एकाच तुकडीला एकच प्रश्न दोन आठवड्यांच्या अंतराने दोन भाषांत दिला होता. इंग्रजीत कोरी जागा सोडलेल्या मुलांनी मराठीत चार-चार ओळी लिहिल्या. ती मुलं विज्ञानात कच्ची नव्हती. तुम्हाला या चाचणीतून इंग्रजी तपासायचं नाही आहे.

रसायनासाठी सांगलीत राहून हळद सोडून दुसरीकडे जायचं कारण नाही. हळदीच्या डागावर साबण लागला की डाग लाल होतो, हे प्रत्येक घरात माहीत आहे. 'हळद हा दर्शक आहे', म्हणजे रंग बदलून आम्ल-आम्लारी ओळखून देणारा पदार्थ आहे, हेही पाठ असतं. म्हणून मी असं विचारते: 'हळदीचा कागद लिंबाच्या रसात बुडवला. रंग पिवळाच राहिला. म्हणून लिंबाचा रस उदासीन आहे, असं एका मुलाने लिहिलं. तुम्हाला पटतं का? का?' हळद आम्लात पिवळी आणि उदासीन द्रावणातही पिवळीच, ती फक्त आम्लारीत तांबडी होते. म्हणजे हा कागद आम्ल आणि साधं पाणी यांत फरक करूच शकत नाही, त्यासाठी निळा लिटमस हवा किंवा जास्वंदीच्या पाकळ्यांचा अर्क. ज्या मुलाला हे कळलं, त्याला 'दर्शक' ही गोष्ट कळली. कराडजवळच्या एका शाळेत असताना गुऱ्हाळवाल्याचा एक मुलगा लेखीत जेमतेम होता. तोंडी विचारलं, रस उकळताना चुना का घालतात? तो म्हणाला, "मॅडम, रस आंबुस असतो. चुना कमी पडला तर गूळ बसत नाही, चिकट राहतो." उदासिनीकरणाचं याहून चांगलं उदाहरण माझ्याकडे नव्हतं. अशा मुलांसाठी तोंडी पाच मिनिटं राखून ठेवा.

द्रव्याच्या अक्षय्यतेचा नियम तपासायला बहुतेक जण खायचा सोडा, व्हिनेगर आणि फुगा घेतात. मीही घेत असे. बाटलीत व्हिनेगर, फुग्यात सपाट चमचाभर सोडा, फुगा बाटलीच्या तोंडाला, सगळं काट्यावर. आकडा आधी लिहायचा, मग फुगा उलटा करून सोडा आत पाडायचा, फेस येतो, फुगा फुगतो, पुन्हा आकडा लिहायचा. पुस्तकाप्रमाणे आकडा तोच यायला हवा. साताऱ्याला असताना एका गटाने वहीत लिहिलं, 'वस्तुमान १ ग्रॅमने कमी झाले'. मी म्हटलं, वायू गळला असेल, पुन्हा करा. त्यांनी फुग्याला दोऱ्याने घट्ट आवळलं आणि पुन्हा केलं, पुन्हा एक ग्रॅम कमी. दुसऱ्या गटाचंही तेच. तेव्हा माझ्या ध्यानात आलं. फुगा लिटरभर फुगला की तो लिटरभर हवा बाजूला सारतो, आणि लिटरभर हवेचं वस्तुमान साधारण १.२ ग्रॅम असतं. विहिरीत बादली हलकी लागते तसा फुगा हवेत तेवढ्याने हलका लागतो. वस्तुमान घटलं नव्हतं, काट्यावरचा आकडा घटला होता. मुलांनी इमानेइतबारे जे दिसलं ते लिहिलं, आणि 'वस्तुमान समान राहिले' असं लिहिणाऱ्या बाकीच्या गटांनी काट्याकडे न बघता पुस्तकाकडे बघितलं होतं.

त्या दिवशी मी गुण उलटे दिले. आता हा प्रयोग मी फुग्याशिवाय, घट्ट झाकणाच्या जाड प्लास्टिकच्या सोड्याच्या बाटलीत करते, आणि सोडा अगदी चिमूटभर घेते, नाहीतर दाबाने झाकण उडेल. सोडा टिश्यूच्या पुडीत बांधून आत टाकला की झाकण लावायला वेळ मिळतो. मग आकडा खरंच तोच राहतो. झाकण हळूच सैल केलं की फुस्स आवाज येतो आणि आकडा थोडा खाली येतो. चिमटी फारच लहान असली आणि काटा एका ग्रॅमचाच असला, तर हा शेवटचा फरक दिसायचा नाही, म्हणून दशांश ग्रॅम दाखवणारा काटा मिळाला तर बघा. फुग्याचा प्रयोग दहावीच्या चुणचुणीत मुलांसाठी कोडं म्हणून ठेवा.

भौतिकात बल्बचा प्रश्न चुकवू नका. एक सेल, दोन सारखे बल्ब एकसर जोडणीत, म्हणजे एकामागून एक. कोणता बल्ब जास्त उजळेल? पुष्कळ मुलं म्हणतात, धन टोकाजवळचा, कारण 'पहिला बल्ब धारा वापरून टाकतो, दुसऱ्याला कमी उरते'. धारा म्हणजे डब्यातलं पाणी, वाटेत सांडत जाणारं, अशी ही समजूत आहे. ओहमचा नियम घालून उदाहरण सोडवणाऱ्या मुलाच्याही मनात ती शाबूत असते, कारण उदाहरणात फक्त भागाकार करायचा असतो. उत्तर लिहून घेतल्यावर वर्गात बल्ब लावून दाखवा, पण एक काळजी घ्या. बाजारातले दोन बल्ब तंतोतंत सारखे नसतात. कधी कधी एक खरंच जास्त उजळतो आणि नेमका पहिला असला तर मुलं जिंकल्यासारखी ओरडतात. मग बल्बांची अदलाबदल करा. उजेड बल्बाबरोबर गेला की जागेवर राहिला, एवढंच विचारा आणि थांबा. उत्तर त्यांच्याकडूनच येतं.

दुसरा प्रश्न बाकाचा. डिसेंबरच्या सकाळी बाकाचा लोखंडी पाय गार लागतो, लाकडी फळी तेवढी गार लागत नाही. दोन्हींना तापमापी लावली तर कुणाचं तापमान कमी भरेल? 'लोखंडाचं' हे उत्तर वर्गाच्या चारही कोपऱ्यांतून येतं. रात्रभर एकाच खोलीत असलेल्या दोन्हींचं तापमान एकच, लोखंड हातातली उष्णता भरभर ओढून नेतं इतकंच. महाबळेश्वरचा प्रश्न मात्र दहावीसाठी ठेवा: समुद्रसपाटीपासून सुमारे १३५० मीटरवर पाणी ९५ अंशांच्या आसपासच उकळतं, मग उघड्या पातेल्यात भात शिजायला वेळ का लागतो? मुलं थंडीला दोष देतात. वायुदाब शिकल्याशिवाय तो प्रश्न घालणं अन्यायाचं आहे. ध्वनीला मिरजेचा तंबोरा घ्या: तीच तार जोरात छेडली तर काय बदलतं, खुंटी पिळली तर काय बदलतं. आवाज मोठा होणं आणि स्वर चढणं यांची गल्लत तिथं लगेच उघडी पडते.

जीवशास्त्रात माझा सगळ्यांत आवडता प्रश्न चित्राचा आहे. माणसाची नुसती बाह्यरेषा छापून द्यायची, आत काही नाही, आणि सांगायचं: 'सकाळी खाल्लेल्या भाकरीपासून मिळणारी ऊर्जा पायाच्या अंगठ्यातल्या पेशीपर्यंत कशी पोहोचते, ते अवयव आणि बाण काढून दाखवा.' पाचन संस्थेची नामनिर्देशित आकृती आठवीत सुबक काढलेली मुलं इथं काय काढतात ते बघाच. जठरापासून सरळ एक नळी निघते आणि मांडीतून, पोटरीतून थेट अंगठ्यापर्यंत जाते. दरवर्षी अशी चित्रं पाच-दहा तरी येतात. काहींचा अन्नमार्ग मोठ्या आतड्याशी संपतो, हृदय डावीकडे एकटंच, कशालाच न जोडलेलं. थोडी मुलं लहान आतड्यापासून रक्तात, रक्तातून यकृत आणि हृदयाकडे, तिथून धमनीने पायाकडे असा बाण नेतात. आणि फुप्फुसातून आलेला ऑक्सिजन त्याच पेशीत नेऊन भेटवणारं मूल वर्गात एखादंच. पाचन, रक्ताभिसरण, श्वसन हे तीन धडे आपण तीन महिन्यांत वेगवेगळे शिकवले. शरीरात ते एकाच क्षणी चालतात, हे मुलांना कुणी सांगितलेलंच नसतं. या चित्राला चार गुण ठेवा: शोषण लहान आतड्यात, वाहतूक रक्ताने, वाटेत हृदय, आणि शेवटी पेशीत ऑक्सिजनशी भेट. चित्र सुंदर असण्याला गुण नाहीत, हे आधीच सांगून टाका.

'वनस्पती दिवसा प्रकाशसंश्लेषण आणि रात्री श्वसन करतात' हे वाक्यही तपासायला द्या, बरोबर की चूक आणि का. पुढच्या दोन महिन्यांचं काम त्यातून दिसेल.

पेपराची बांधणी फार अवघड नाही. संविधान तक्ता, म्हणजे कुठल्या भागावर किती आणि कसल्या प्रकारचे प्रश्न याची आखणी, बी.एड.ला सगळ्यांनी केलेला असतो, इथे तो एका पानात मावतो. तासिका ४० मिनिटांची धरली तर दहा प्रश्न पुरे, वीस गुण. तीन भौतिकाचे, तीन रसायनाचे, तीन जीवशास्त्राचे आणि एक ऊसवाला, जो तिन्हींना शिवतो. सहा प्रश्न पर्यायांचे, त्यातल्या चारांना खाली एक ओळ रिकामी: 'का वाटतं?' तीन छोट्या उत्तरांचे आणि एक चित्राचा. 'वरीलपैकी सर्व' हा पर्याय देऊ नका. बरोबर पर्याय सगळ्यांत लांबलचक होऊ देऊ नका, मुलं लांबी बघून खूण करतात. पेपर सहकाऱ्याला सोडवायला द्या. त्याला एखाद्या प्रश्नाची दोन उत्तरं संभवली तर तो प्रश्न बदला.

प्रयोगाची चाचणी वेगळ्या दिवशी. प्रयोगशाळा नसली तरी नाडी मोजता येते. बसून अर्धा मिनिट मोजायची आणि दुप्पट करायची, मग मैदानाला एक फेरी मारून लगेच पुन्हा, मग पाच मिनिटांनी पुन्हा. तीन आकड्यांचा तक्ता आणि आलेख. इथे बघायचं ते मोजण्यातला प्रामाणिकपणा. ज्याचे तिन्ही आकडे गुळगुळीत, म्हणजे ७२, १००, ७२ असे आले, त्याच्या शेजारी बसून एकदा त्याची नाडी तुम्ही मोजा.

पेपर हातात आले की लगेच लाल पेन घेऊ नका. पहिली रात्र नुसती वाचण्यात घालवा आणि प्रत्येक प्रश्नाला कुठला पर्याय किती जणांनी निवडला त्याच्या रेघा मारा. त्यानंतर गुण द्या आणि हा छोटा हिशेब करा. साठ मुलांत वरचे २७ टक्के म्हणजे १६ आणि खालचे १६ पेपर वेगळे काढा. बल्बचा प्रश्न वरच्यांतल्या १२ जणांनी आणि खालच्यांतल्या ४ जणांनी सोडवला, तर फरक ८, भागिले १६, म्हणजे ०.५. म्हणजे समजलेली आणि न समजलेली मुलं हा प्रश्न चांगली वेगळी काढतोय. हा भागाकार ०.२ च्या खाली आला तर प्रश्न पुन्हा वाचा. आणि खालच्या गटाने वरच्यांपेक्षा जास्त बरोबर सोडवला, तर दोष बहुधा प्रश्नात आहे. 'वनस्पती दिवसा कोणता वायू बाहेर टाकतात?' या माझ्या प्रश्नाला असंच झालं. पाठांतर करणाऱ्यांनी 'ऑक्सिजन' लिहून गुण घेतले. चांगली मुलं अडखळली, कारण श्वसन दिवसाही चालू असतं हे त्यांना ठाऊक होतं. तो प्रश्न मी काढून टाकला आणि सगळ्यांचे गुण पुन्हा मोजले.

मुख्याध्यापक किंवा पालक म्हणतील, बोर्डाला असं कुठं येतं? त्यांना दहावीचा पेपर दाखवा. भाग १ आणि भाग २ प्रत्येकी ४० गुणांचे, शिवाय २० गुण अंतर्गत. त्या ऐंशीतही 'शास्त्रीय कारणे लिहा' असतं आणि उतारा किंवा आकृती देऊन प्रश्न असतात. गाईडमधलं कारण पाठ केलेलं मूल शब्द बदलला की अडतं, आणि तुमच्या चाचणीतून गेलेलं मूल अडत नाही, हे एका वर्षात त्यांनाही दिसतं. पण या चाचणीचे गुण प्रगतिपत्रकात घालू नका, भिंतीवर लावू नका, पालकसभेत वाचू नका. मुलांना शब्द द्या आणि पाळा. नाहीतर पुढच्या खेपेला ती स्वतःला वाटतं ते लिहिणार नाहीत, तुम्हाला हवं ते लिहितील.

पेपर दोन दिवसांत परत द्या. पंधरा दिवसांनी दिलेला पेपर मुलं फक्त गुण बघून घडी करतात. परत देताना एका प्रश्नाची दोन वेगळी उत्तरं, नावं न सांगता, फळ्यावर लिहा आणि बाकावरच्या जोडीदारांना पाच मिनिटं भांडू द्या. मग पुन्हा हात वर करून मत घ्या. तुम्ही स्पष्टीकरण द्यायच्या आधीच बरीच मतं फिरलेली असतात.

तीन आठवड्यांनी तेच पुन्हा विचारा, वेश बदलून. उसाच्या जागी असं: 'पाच किलो लाकूड चुलीत जाळलं, मूठभर राख उरली. बाकीचं लाकूड गेलं कुठं?' बल्बच्या जागी तीन बल्ब आणि मधला काढलेला. चित्रात भाकरीऐवजी दंडावर टोचलेलं इंजेक्शन, डोकेदुखी थांबेपर्यंत औषधाची वाट. ज्या मुलाने पहिल्या वेळी (अ) लिहिलं होतं, त्याचा पेपर तेव्हा सगळ्यांत आधी काढा. माझ्या वहीत अशा एका मुलाचं राखेवरचं उत्तर चिकटवून ठेवलं आहे: "मॅडम, ते जिथून आलं होतं तिथंच परत गेलं, हवेत. राख म्हणजे तेवढीच माती."